केरबाने विमा घेतला त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा गादीवाला होता. नाव केरबा. दुकान स्वतःचं, कापूस पिंजायचा स्वतः, गाद्या भरायचा स्वतः. गेल्या साली टायफॉइडने आडवा झाला, तर दुकानही तीन आठवडे बंद राहिलं.

बायको हौसा म्हणाली, "नोकरदारांचं कंपनी बघते. आपलं कोण बघणार? त्या कुलथे एजंटकडे जा आणि आरोग्य विमा काढा. आणि हो, घासाघीस केल्याशिवाय काही घेऊ नका."

केरबा गेला. कुलथे म्हणाले, "दवाखान्याच्या खर्चाला पाच लाखांपर्यंत मिळतील."

"पाच फार होतात. दोनवर या."

"अहो, ते तुम्हाला मिळणार आहेत!"

"बरं, तुमचं नाही माझं नाही, अडीच. एक पैसा वर घेणार नाही!"

घरी येऊन त्याने मिशीला पीळ दिला. हौसाने कपाळावर हात मारला. "अहो, तिथं जे जास्त असेल ते मागायचं!"

"आधी सांगायचं ना. उद्या तसं करतो."

दुसऱ्या दिवशी कुलथे म्हणाले, "जुन्या आजारांचा खर्च लगेच मिळत नाही. या पॉलिसीत दोन वर्षं थांबावं लागतं, त्या पॉलिसीत तीन."

"तीनवाली द्या. चार असेल तर बघा."

हौसा म्हणाली, "थांबायचं कशाला जास्त मागता? मला थांबायला वेळ नाही, आजच पाहिजे, असं सांगायचं!"

"आधी सांगायचं ना. उद्या तसं करतो."

तिसऱ्या दिवशी कुलथ्यांनी फॉर्म पुढे ओढला. "मधुमेह?"

"आजच पाहिजे."

कुलथ्यांनी चष्मा पुसला. "रक्तदाब?"

"तोही आजच. मला थांबायला वेळ नाही."

कुलथ्यांनी पेनाला टोपण लावलं आणि हात जोडले. "घरी जा. ऑफिसातून फोन येईल, त्यांनाच काय ते सांगा."

हौसा आता रडकुंडीला आली. "अहो, ते जे आजार विचारतील, त्यातलं आपल्याला काही नाही. सरळ 'नाही' म्हणा!"

"आधी सांगायचं ना."

दुपारी दुकानात फोन वाजला. एक बाई गोड आवाजात म्हणाली, "केरबा गादीवाले बोलताय का?"

"नाही."

"ते दुकानात आहेत का?"

"नाही."

"मग घरी असतील?"

"नाही."

बाईचा आवाज बारीक झाला. "अहो, ते... आहेत ना?"

"नाही," केरबा ठणकावून म्हणाला आणि पुन्हा कापूस पिंजायला लागला.

संध्याकाळी तो घरी आला. दारात चपलांचा ढीग. ओट्यावर कुलथे हार घेऊन उभे, हौसा कमरेवर हात ठेवून उभी, शेजारणी डोळे पुसतायत.

केरबाने हळूच विचारलं, "कोण गेलं?"

"तुम्ही!" हौसा ओरडली. तिने कुलथ्यांच्या बगलेतली फाइल ओढली, फॉर्म काढला आणि स्वतःच भरायला बसली.

केरबा तिथंच मटकन खाली बसला. मग तिच्या कानाशी लागून म्हणाला, "अगं, आता कशाला? आजारी न पडताच गेलो की मी. हप्ता फुकट जाईल."