उताराच्या पायथ्याची सायकल

विषय : नगरपरिषदेत रंगाऱ्याच्या कायम जागी नेमणूक मिळण्याबाबत.

संदर्भ : श्री. अभिनंदन पायगोंडा मगदूम, कला पदविकाधारक, यांचा अर्ज. सोबत अर्जदाराने रस्त्यावर काढलेल्या सायकल-चिन्हाचे छायाचित्र, एक.

वरील विषयी सादर करण्यात येते की, सदर अर्जावर निवृत्त रंगारी रामलिंगअण्णा यांची शिफारस घ्यावी, असा शेरा साहेबांनी मारला होता. साहेबांना चित्रातलं काही कळत नव्हतं, आणि आपल्याला कळत नाही हे त्यांना कळत होतं. कचेरीत असा योग क्वचितच येतो.

"लोक माझ्या चित्राला मान देतात अण्णा. यात माझं काय चुकलं?" अभिनंदन विचारत होता.

अण्णा उताराच्या पायथ्याशी दूध संस्थेच्या पायरीवर बसून तंबाखू मळत होते. अर्ज त्यांच्या मांडीवर होता.

प्रकरण असं होतं. शाळेहून येणाऱ्या उतारावर डाव्या कडेला पांढरा पट्टा ओढून सायकलींसाठी वाट राखलेली होती. पट्ट्याच्या आत शाळेच्या पोरी आणि कॅन लटकवलेले गवळी, पट्ट्याबाहेर उसाचे ट्रॅक्टर. वाट कुणाची हे ट्रॅक्टरवाल्यांना कळावं म्हणून तिच्यात सायकलीची चिन्हं काढायची होती. वरच्या अंगाची तीन अण्णांनी निवृत्त होता होता काढली. दोन वाटोळी आणि चार काड्या. अभिनंदन त्यांना चष्मे म्हणायचा.

पायथ्याचं चौथं चिन्ह नमुना म्हणून अभिनंदनकडं आलं. त्यानं दोन दिवस रस्ता अडवला. चाकांना मोजून छत्तीस-छत्तीस आऱ्या दिल्या. साखळीची कडी न् कडी सुटी दाखवली. हँडलच्या मुठींना झिरमिळ्या लावल्या, आणि रस्त्यावरच्या सायकलीला रस्त्यावरच सावलीही पाडली.

तिसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्यावर हळदकुंकू वाहून जास्वंदीचं फूल ठेवलं. अभिनंदननं त्याच घडीला फोटो काढला आणि अर्जाला जोडला.

अण्णांनी फोटो पाहिला होता. शाळेच्या वेळेला पायथ्याशी ये, एवढंच म्हणाले होते. म्हणून दोघं आता पायरीवर होते.

दुपारच्या शाळेच्या पोरी वर निघालेल्या, सकाळच्या शाळेच्या उतरत येत होत्या. वरच्या तिन्ही चिन्हांवरून उतरणाऱ्यांची चाकं सरळ गेली, जणू तिथं काही नव्हतंच. चौथ्याशी पहिल्या पोरीनं हँडल उजवीकडं वळवलं. ती पट्ट्याबाहेर गेली, चित्राला वळसा घालून पुन्हा आत आली. दुसरीनं तेच केलं. एक गवळी भरलेल्या कॅनांसकट बाहेर जाऊन आला. तिसऱ्या पोरीनं तर जाता जाता हात छातीला लावला.

"बघितलंत?" अभिनंदन म्हणाला.

"बघतोय…"

मग ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, उसानं लादलेल्या. दोन वेण्यांची एक पोर नेमकी तेव्हाच चित्राला वळसा घालत होती. उसाचे शेंडे तिच्या दप्तराला घासून गेले. तिनं पाय टेकला. ट्रॉल्या जाईतो ती डोळे मिटून तशीच उभी राहिली, आणि मग सायकल हातानं ढकलत निघून गेली. ट्रॅक्टरवाला जे बोलला ते नोंदीस घेण्यासारखं नव्हतं.

अण्णा अभिनंदनकडं वळले.

"चिन्ह कुणासाठी काढलंस?"

"सायकलवाल्यांसाठी."

"मग ते त्याच्यावर का नाहीत?"

अभिनंदननं तोडगा काढला. शेजारी एक पाटी लावू, 'कृपया चित्रावरून जावे'.

"पाटीही तू सुंदर करशील," अण्णा म्हणाले. "लोक उतरून वाचतील."

त्यांनी भिंतीला टेकलेली आपली जुनी सायकल त्याच्या हाती दिली. चित्रावरून सरळ जाऊन ये म्हणाले.

त्यात काय, अशा तोऱ्यात अभिनंदन चढ चढून गेला आणि वेगानं उतरत आला. वरचे तिन्ही चष्मे त्यानं चिरडले. चौथ्याशी त्याचं मनगट त्याला न विचारता वळलं. भानावर आला तेव्हा तो पट्ट्याबाहेर होता.

सायकल हातात धरून तो परत आला.

"मन होत नाही, अण्णा."

"तुझंच आहे. तुझंच मन होत नाही…"

अण्णा गुडघ्यावर हात ठेवून उठले. चित्रावरचं फूल उचललं, कपाळाला लावलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. मग सायकल घेऊन ते गटारीपाशी गेले. कॅन धुतल्याच्या पाण्यानं तिथं कायमचा चिखल. दोन्ही चाकं त्यांनी त्यात निवांत फिरवून घेतली. तिथून सायकलवर बसले आणि चित्राच्या मधोमध, मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत, एक काळी रेघ ओढत गेले.

दूध संस्थेच्या दारातून कुणीतरी "अरारा" म्हटलं. अभिनंदननं मान फिरवली.

पण कान उघडेच होते. मागून घंट्या वाजत आल्या. चित्राशी थांबल्या नाहीत. त्यानं वळून पाहिलं, तर पहिली पोर चिखलाच्या रेघेवरून सरळ गेली होती, तिच्यामागं दुसरी, आणि बाकीच्या तर खाली न बघता, गप्पा मारत.

तो बराच वेळ बघत राहिला.

"अण्णा, शिफारस?" शेवटी त्यानं विचारलं.

अण्णांनी अर्जाची घडी केली. "चित्र पुसलं गेलं की सही करतो."

त्यानंतर दर सोमवारी अभिनंदन अण्णांच्या दारात हजर होऊ लागला. सुरुवातीला सुतकी चेहऱ्यानं सांगायचा, पोरींच्या चाकांखाली सावली गेली. संक्रांतीला झिरमिळ्या गेल्या, ते त्यानं सहज सांगितलं. शिमग्याला साखळी तुटल्याची खबर द्यायला तो सोमवारची वाट न बघता बुधवारीच आला. दरम्यान रोजंदारीवर त्यानं बाजारपेठेत अकरा चिन्हं काढली. एकेकाला पाऊण तास लागला. एकाचंही कुणी कौतुक केलं नाही, आणि एकालाही कुणी वळसा घातला नाही. कौतुक होत नसल्याची तक्रार त्यानं पहिल्या दोनांपर्यंत केली.

गेल्या आठवड्यात कचेरीचं स्मरणपत्र आलं. शिफारशीअभावी अर्ज कोणाकडे प्रलंबित आहे, त्याचा खुलासा सत्वर करावा. अण्णांना चष्मा सापडेना, म्हणून ते अभिनंदननंच वाचून दाखवलं. खुलासाही त्यानंच लिहायला घेतला.

"काय लिहू, अण्णा?"

"अर्ज प्रलंबित आहे, म्हणून लिही… सध्या शाळेच्या पोरींकडं आहे."