इंजिनाचा धूर

भुसावळच्या शकुंतला तळेले यांनी वीस वर्षं जुने बाजार पालथे घालून खिशातल्या घड्याळांच्या डब्या जमवल्या होत्या. प्रत्येकीवर आगगाडी कोरलेली. तशी बातमी छापून आली आणि जहागीरदार बापूसाहेब फौजदाराला घेऊन दारात हजर झाले.

"तुमच्याकडची ती एकमेव चांदीची डबी आमच्या आजोबांची. लहानपणी रोज हाताळलीय मी. निमूटपणे द्या."

शकुंतलाबाईंनी आतून ती डबी मुठीत घट्ट धरून आणली. "मग सांगा, इंजिनाचा धूर मागे जातो की सरळ वर?"

"मागे. गाडी भरधाव निघालीय."

बाईंनी मूठ उघडली. इंजिन फलाटाला उभं होतं आणि धुराची एक रेघही नव्हती.

"फौजदारसाहेब," बाई शांतपणे म्हणाल्या, "यांच्या आजोबांची गाडी केव्हाच निघून गेली. ही उभी आहे ती माझी."

फौजदाराने बापूसाहेबांना बाहेरचा रस्ता दाखवला.