तांबडीची हाक

पाखरं येता-जाता एकमेकांची विचारपूस करायची, त्या काळची गोष्ट. तांबडी कोंबडी म्हातारी झाली. अंडी बंद झाली, तशी ती खुराड्याच्या कोपऱ्यात बसून राहिली. दोन दिवस तिनं दाणाही टिपला नाही.

कोंबडा म्हणाला, "आजी, अजून तरण्याताठ्या दिसता की!"

"मेल्या, तरणी असते तर अंडी घातली नसती का?" म्हणत तांबडीनं पाठ फिरवली.

मग ठिपकी आली. तिनं नुकतीच पहिल्यांदा सात पिलं काढली होती. "आजी, काल घार आली. मी ओरडले, तर पिलं नुसती माझ्याकडं बघत राहिली. लहानपणी तुमची हाक आली, की आम्ही धावत आईच्या पंखाखाली शिरायचो. त्या हाकेनंच मी जगले. माझ्या पिलांना ती ऐकवाल?"

तांबडीनं मान पंखात खुपसली. पण दुपारी अंगणात घारीची सावली सरकली, तेव्हा कोपऱ्यातून लांबलचक, करारी हाक आली. सातही पिलं ठिपकीच्या पंखाखाली शिरली. घार रिकामीच गेली.

तांबडी धापा टाकत अंगणात येऊन उभी राहिली.

"घसा बसला गं माझा," ती ठिपकीला म्हणाली. "दाणे कुठं टाकलेत आज?"