दोन बोटं कोरी जागा

"मग सही अडली कुठे, गुरुजी?"

ईशान खांबेटेनं तिसऱ्यांदा विचारलं. टोकेशास्त्री लॅपटॉपच्या पडद्याला नाक लावून बसले होते. त्यांना ऐकूच आलं नाही.

ईशानचा जीव टांगणीला लागला होता. तीन वर्षं मठामठांतून हिंडून त्यानं एका प्राचीन वैद्यकग्रंथाच्या नऊ हस्तलिखित पोथ्या शोधल्या होत्या. पानन् पानाचे फोटो काढले होते आणि संगणकाला ते एकमेकांशी ताडून पाहायला लावले होते. ग्रंथ उद्या छापखान्यात जायचा होता. प्रस्तावनेखाली गुरुजींची सही तेवढी हवी होती. त्यासाठी अंगात ताप असताना तो पहाटेच्या एसटीनं नदीकाठच्या पाठशाळेत आला होता.

जुन्या माणसांना यंत्राचं वावडं असतं, असं धरून त्यानं मनाची तयारी केली होती. पण शास्त्रीबुवा तर हरखून गेले होते. मोतीबिंदूनं अधू झालेल्या डोळ्यांना एकेक अक्षर बोराएवढं दिसत होतं!

"नऊ पोथ्या एका मांडीवर... माझ्या गुरूंनी हे पाहायला हवं होतं रे."

ईशानची छाती फुगली.

मग शास्त्रीबुवांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"इथे काय लिहिलंयस?"

"तापावरचं औषध. शुद्ध केलेला बचनाग, दोन गुंजा."

"दोन गुंजा कुठल्या पोथीत आहे?"

"कुठल्याच नाही. मूळ पान तिथे वाळवीनं खाल्लं असणार. नक्कल करणाऱ्या वैद्यानं दोन बोटं जागा कोरी सोडली, आणि पुढचे सगळे तेच गिरवत बसले." ईशान हसला. "वैद्य असून एवढा साधा अंदाज करता आला नाही त्याला! माझ्या प्रोग्रामनं चारशे ग्रंथ वाचून जागा भरली. सत्त्याण्णव टक्के खात्री."

"सत्त्याण्णव..." शास्त्रीबुवा पुटपुटले. "मला पंचेचाळीस वर्षांच्या वैद्यकीत सुचलं नाही."

ते उठले. गावाला औषधं देण्याचं कामही त्यांचंच. फडताळातून त्यांनी एक बरणी काढली, छोटा तराजू काढला. एका पारड्यात गुंजेच्या दोन लाल बिया टाकल्या, दुसऱ्यात बरणीतली पूड. काटा मध्यावर आला तशी पूड वाटीत मधाशी कालवली आणि वाटी ईशानपुढे धरली.

"ताप आहे ना तुला? घे."

"बचनाग?"

"तुझाच ग्रंथ आहे. उद्या घरोघरी जाईल... माझ्या सहीनं."

बचनाग जहाल विष. शुद्ध करून घेतला तरी मात्रा चुकली की माणूस हातचा जातो. हे त्या ग्रंथाच्या पहिल्याच पानावर होतं, आणि ते पान ईशानला तोंडपाठ होतं.

तरी त्यानं हात पुढे केला. माघार घेणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

बोटं वाटीला लागली... आणि इतके दिवस सत्त्याण्णवाच्या आनंदात विसरलेले उरलेले तीन त्याला एकदम आठवले.

"गुरुजी, ही मात्रा... बरोबर आहे ना?"

"मला ठाऊक नाही."

ईशानचा हात मागे आला. शरमेनं त्याला मान वर करवेना.

शास्त्रीबुवांनी वाटी चुलीतल्या राखेत उपडी केली. हात खळखळून धुतले. मग ते त्याच्याजवळ येऊन बसले आणि कपाळाला हात लावून ताप पाहिला.

"भ्यालो, गुरुजी."

"त्यात लाजायचं काय?" पडद्यावर पोथीच्या पानातल्या कोऱ्या जागेकडे पाहत शास्त्रीबुवा म्हणाले. "हा लिहिणाराही इथवर आला होता... त्याचाही हात असाच मागे गेला."