सावलीची जाऊबाई

शहरात अजून ढीगभर आभाळ शिल्लक होतं, तेव्हाची ही गोष्ट. एक टॉवर मजल्यावर मजले चढवत सुटला होता. त्याची बायको म्हणजे त्याची सावली. ती शेजारच्या गच्चीवर पडायची आणि द्वारकाकाकूंच्या कुरडया ओल्याच राहायच्या.

"मेली, रोज माझ्याच उन्हात तंगड्या पसरते!" काकू करवादायच्या.

सावली रडकुंडीला आली. "अहो, उंच तुम्ही व्हायचं आणि बोलणी मी खायची?"

"खालची कुरकुर इथवर ऐकू येत नाही," टॉवर म्हणाला.

पुढे त्याच्या पलीकडे दुप्पट उंच टॉवर उठला. भरदुपारी ह्याच्या अंगावर अंधार पसरला.

"कोण ही अवदसा?" तो खेकसला.

"माझ्या थोरल्या जाऊबाई," सावली म्हणाली. "त्यांना कशाला बोलता? भावोजींना हाक मारा. बघा, ऐकू जातंय का!"