पाण्यावरची चापट

"मग डोळे मिटते म्हणजे नेमकं करते काय ती?" गफूरबाबांनी विचारलं.

ती म्हणजे गाडी. अजून बाजारात न आलेली. दर्ग्यासमोर उन्हात उभी होती. तिचं रूप कुणाला कळू नये म्हणून अंगभर काळ्या-पांढऱ्या नक्षीचा कागद चिकटवलेला. लांबून बघितलं तर कुणीतरी झेब्र्याला चाकं लावलीत असं वाटावं.

"डोळे मिटते म्हणजे... दिसेनासं होतं तिला," हर्षल म्हणाला.

हर्षल वाघुळदे इंजिनिअर. गावात होता तोवर हरश्या. पुण्याला गेला आणि हर्षल सर झाला. बूट असे चकचकीत, की चिंचेवरची साळुंकी खाली बघून आपले केस नीट करून घेत होती.

वैशाखाची दुपार. केळीच्या बागा मान टाकून उभ्या. डांबरी रस्ता लांबवर जाऊन पाणी झालेला, आणि त्या खोट्या पाण्यात एक ट्रक उलटा तरंगत येत होता.

"तिला डोळे आहेत?"

"आहेत ना. कपाळावर, काचेच्या मागं. कॅमेरा. तो रस्त्याचा पट्टा बघतो, समोरची बैलगाडी बघतो. वळण आलं तर चाक आपोआप वळतं. आडवी बकरी आली तर ब्रेक आपोआप लागतो."

"आणि चालवणारा काय करतो?"

"हात मांडीवर ठेवून बसतो."

"माझ्यासारखा."

"तसंच, बाबा."

बाबा हसले. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता, दुधाच्या थेंबासारखा. दुसरा डोळा दोघांचं काम करायचा.

"मग दिसेनासं का होतं?"

आता हर्षल रंगात आला. एवढा वेळ तो याच प्रश्नाची वाट बघत होता.

"डोळ्यामागं मेंदू आहे तिचा. बघून बघून तापतो. म्हणून मी त्याच्या पोटाखालून पाणी फिरवलंय. बारीक नळ्या, एवढुसा पंप. पाणी मेंदूचा ताप उचलतं, गाडीच्या नाकापाशी नेतं, तिथं वाऱ्यात सोडतं आणि गार होऊन परत येतं. परत उचलतं, परत सोडतं. हे सगळं माझं, बाबा. दुसऱ्या कुणाचा हात नाही त्यात."

असं म्हणाला, जसं काही पाणीसुद्धा यानंच शोधून काढलंय.

"आणि वारा?"

"वारा काय?"

"वारा कुणाचा?"

हर्षलनं गाडीच्या नाकाकडं बघितलं.

कारण दुखणं तिथंच होतं. पुण्यात वारा गार. तिथं हर्षलचं पाणी राजासारखं फिरलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इथं खानदेशात, या दिवसांत, वारा भट्टीतूनच निघून येतो. पाणी ताप घेऊन नाकापाशी जातं, बाहेर बघतं, बाहेरही जवळजवळ तेवढाच ताप. मग काय करणार बिचारं... उचललेलं ओझं तसंच घेऊन माघारी येतं.

"मग मेंदू लय तापला की ती 'टिंग' करते," हर्षल खाली बघत म्हणाला. "आणि बोलते. 'दिसत नाही. चाक सांभाळा.' मराठीतून बोलते. मीच शिकवलंय."

"चांगलं शिकवलंस."

"काय चांगलं? रोज दुपारी बोलते! आणि उद्या पुण्याहून सरदेशमुख बाई येताहेत. आमच्या सगळ्यांत मोठ्या साहेब. त्या स्वतः बसणार, ह्याच रस्त्यानं, ह्याच उन्हात. हात मांडीवर ठेवून. त्यांच्या तोंडावर ही बया 'दिसत नाही' म्हणाली ना... संपलं. माझं पाणी काढून टाकतील आणि त्या कापडण्याचा पंखा बसवतील."

कापडणे हा हर्षलच्या शेजारच्या टेबलावरचा. त्याचं नाव घेताना हर्षलचं तोंड कारलं चावल्यासारखं झालं.

"नाक मोठं कर मग. जास्त वारा घेईल."

"करायचंच आहे. पण त्याला महिने लागतात, बाबा. बाई उद्या येताहेत."

"मग काय केलंस?"

चिंचेचं एक पान गिरक्या घेत खाली आलं. लय सावकाश. खाली पोचायची त्याला काही घाई नव्हती.

"वाक्य बंद केलं," हर्षल म्हणाला.

बाबांनी त्या पानावरची नजर उचलून त्याच्याकडं बघितलं.

"उद्यापुरतं फक्त."

"म्हणजे दिसायचं बंद होईल, पण सांगायची नाही?"

"थोडा वेळ अंदाजानं जाते ती. रस्ता सरळ आहे. जरा सावली आली, जरा गार झालं, की परत दिसतं. कुणाला कळणारसुद्धा नाही." मग हात जोडून, "बाबा, तुमची दुवा पाहिजे. आई म्हणाली, बाबांना भेटल्याशिवाय कुठलं मोठं काम करू नको."

बाबा उठले. गुडघे कुरकुरले.

"दुवा देतो. आधी अंघोळ करू."

दर्ग्यामागं विहीर होती. दगडी पायऱ्यांची, खोल, आत कायम संध्याकाळ असल्यासारखी. वर जग भाजून निघत असलं तरी तिच्या तळाला थंडी राखून ठेवलेली असायची.

अर्ध्या गावाला बाबांनी इथंच पोहायला शिकवलं होतं. हर्षललाही. बाबांचा कायदा एकच. किती पण खोल जा, बुडी मार, मासा हो, बेडूक हो. पण दम संपला, की हात वर काढून पाण्यावर चापट मारायची. चापट ऐकली की बाबा उडी मारणार.

हर्षल बुडी मारायचा राजा. सगळ्यांत जास्त वेळ आत राहायचा. आणि चापट? मरेल पण मारणार नाही. निळा पडायचा, तरी नाही. बाबा केस धरून वर काढायचे, तेव्हाही हा फुशारकीनं हसायचा.

उलट त्याच्याबरोबर शिकणारा तो ढोल्या सुपडू. नुसतं नाक ओलं झालं तरी फाट फाट चापटा मारायचा. आणि बाबा त्यालाच म्हणायचे, शाब्बास!

हर्षलला त्यांनी कधी शाब्बास म्हटलं नाही. एकदासुद्धा. पुण्यात त्याला ढाली मिळाल्या, टाळ्या मिळाल्या. पण रात्री कधी कूस बदलताना त्याला सुपडूच आठवायचा.

बाबांनी कुर्ता काढून पायरीवर ठेवला. गळ्यातली माळ हर्षलच्या हातात दिली.

"आज तुझ्या गाडीचा कायदा," ते म्हणाले. "चापट नाही."

"म्हणजे?"

बाबा पाण्यात गेलेसुद्धा. आवाज नाही, शिंतोडा नाही. म्हाताऱ्या घोरपडीसारखे सरकन गेले.

पाण्यावर गोल उठले. एकात एक, एकात एक. काठाला लागले आणि मावळले.

हर्षल हसला. म्हातारा अजून कडक आहे!

विहिरीच्या तोंडाएवढं आभाळ पाण्यात पडलं होतं. एक घार त्यातून गेली. वरून गेली की खालून, सांगता आलं नसतं.

पाणी गप्प.

हर्षलनं माळेचा एक मणी सरकवला. मग एक. बाबांना येतं पोहायला, त्यानं स्वतःला सांगितलं. थोडा वेळ जातात ते... अंदाजानं.

पाणी गप्प.

कुणी म्हटलं असतं, इथं माणूस बुडी मारून गेलाय, तर विहिरीनं साफ नाही म्हटलं असतं, इतकं तिचं तोंड शांत होतं. असं शांत पाणी हर्षलला फार आवडायचं. लहानपणी तो स्वतः आत असायचा, तेव्हा.

काठावर बसून ते कसं दिसतं, हे त्याला आज कळत होतं.

"बाबा?"

...

"बाबा, बस झालं!"

...

मग हर्षल सर गेले. बुटासकट, मोबाइलसकट, इस्त्रीच्या शर्टासकट. धप्प!

आत हिरवा उजेड. कान बंद. सगळं एकदम हळू. त्याचे हात त्याचे नसल्यासारखे पुढं पुढं जात होते. गार पाणी शर्टात शिरलं, मानेवरून गेलं, कपाळावरून गेलं, डोक्यात कित्येक दिवस जे तापत होतं त्याच्यावरून गेलं. सरदेशमुख बाई, कापडणे, टाळ्या, सगळं बुडबुड्यांसारखं वर निघून गेलं. राहिलं एकच. बाबा कुठंयत?

खाली बुडालेल्या पायरीवर बाबा बसले होते. लोखंडी कडी धरून, मांडी घालून. दाढी धुरासारखी हलत होती. हर्षलला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

गप्प.

हर्षलनं दंडाला धरून खेचलं. बाबांनी कडी सोडली. दोघं वर आले, आणि उजेड त्यांच्या डोक्यावर फुटला.

बाबा खोकले. बराच वेळ खोकले. खोकता खोकता हसायला लागले.

"मरायचं होतं का?" हर्षल ओरडला. माळ अजून मुठीत होती. "ह्या वयात? एक चापट मारायला काय जात होतं!"

विहिरीनं ते वाक्य घेतलं, भिंतीभिंतीला दाखवलं आणि परत आणून दिलं.

काय जात होतं... जात होतं... होतं...

बाबा पायरीवर बसून दाढी पिळत होते. कापड पिळतात तशी, दोन्ही हातांनी.

"हरश्या."

"काय?"

"उद्याच्या बाईंना पोहता येतं का रे?"

हर्षलच्या नाकावरून एक थेंब घरंगळला. पाण्यात पडला. लहान गोल उठला, मोठा झाला, मावळला.



मग हर्षल उठला. माळ बाबांच्या गळ्यात घातली. पायऱ्या चढून वर आला. पचक पचक बूट वाजत होते. साळुंकीनं बघितलं, या बुटांत आता काही दिसणार नाही हे ओळखलं आणि उडून गेली.

गाडीचं दार उघडलं तर आतून तंदूर. ओल्या शर्टातनं वाफ निघाली. मागच्या सीटवरचा लॅपटॉप त्यानं मांडीवर घेतला. बोटं ओली, पुसायला कोरडं काही नाही. केसांना पुसली, तर आणखी ओली झाली.

जे करायचं होतं ते लय छोटं होतं. शिंक यायला लागतो तेवढा वेळ.

पण बोट त्या बटणावर थांबलं...

कापडण्याचा पंखा त्याला डोळ्यांसमोर फिरताना दिसला. आपल्या बारीक नळ्या भंगारात पडलेल्या दिसल्या, तोंडं वासून. बाईंचं तोंड दिसलं. मग ते तोंड पाण्याखाली दिसलं, केस धुरासारखे हलताना, हात मांडीवर.

त्यानं बटण दाबलं.

बाबा ओला कुर्ता खांद्यावर टाकून चिंचेखाली येऊन बसले होते. पाठमोरे.

हर्षलनं गाडी चालू केली. काचा खाली घेतल्या. एवढा वेळ ती उन्हात उभी होती, छप्पर तव्यासारखं झालेलं. पंप घूं करून जागा झाला. पाणी निघालं. मेंदूपाशी गेलं, ओझं उचललं, नाकापाशी आलं. बाहेर तोच वारा.

टिंग.

लाल अक्षरं उमटली. आणि बाईमाणसाच्या स्वच्छ आवाजात ती बोलली, दर्ग्यापर्यंत, चिंचेपर्यंत ऐकू जाईल अशी:

"दिसत नाही. चाक सांभाळा."

हर्षलनं दोन्ही हात चाकावर ठेवले.

चिंचेखाली बाबांनी मान वळवली नाही. नुसता हात वर केला, हर्षलच्या लहानपणी विहिरीच्या काठावर सुपडूसाठी करायचे तसा.

"शाब्बास, बेटी!"