मावळतीपर्यंतची मूर्ती

एका राज्यात एक जुना चौक होता. सात पिढ्यांचे बाजार तिथे भरले, सात पिढ्यांच्या पाखरांनी तिथे दाणे टिपले. राजा अरिंजयाच्या मनात आले, इथे आपली पाषाणमूर्ती असावी, चंद्रसूर्य असेतो टिकावी. राजाचे काय, त्याला नुसती जीभ हलवायची. घाम गाळला लखमा पाथरवटाने. मूर्ती उभी राहिली, पाखरांना हाकलून लावले. त्या पाखरांची धनीण होती एक चेटकीण. ती चौकात आली नि म्हणाली, "टिकायची एवढी हौस, तर टिका." राजा जागच्या जागी दगड झाला. शेजारी छिन्नी पुसत उभा असलेला लखमाही दगड झाला. सुक्याबरोबर ओलेही जळते.

लखमाची बायको एल्हाई शाडूची खेळणी करून विकी. राजाचे तिला सोयरसुतक नव्हते. तिला नवरा परत हवा होता. ती चेटकिणीच्या दारी गेली. दारावरच्या साळुंकीने माणसाच्या वाणीत सांगितले, "चौकात अशी मूर्ती घडव, जी मावळतीला उरणार नाही. तीन दिवस तुझे. तिसऱ्यांदा चुकलीस, तर लखमाचा भुगा होईल."

एल्हाईने विचार केला, संध्याकाळी जाणारच, तर जीव कशाला आटवायचा? तिने कणकेचा गोळा थापला, त्याला नाक चिमटले, झाली मूर्ती. मावळतीला ती गाईने खाल्ली. लखमा होता तसाच राहिला.

"उरली तर नाही," एल्हाई म्हणाली.

"घडली तरी कुठे होती?" चौकात उडत आलेली साळुंकी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने शाडूचा लखमा घडवला. असा हुबेहूब की बाजार थबकला. संध्याकाळी तिने त्यावर घागरी रित्या केल्या, पण मूर्ती विरघळेना. विरघळणार कशी? बाईने मातीत गुपचूप डिंक नि ताग कालवला होता. सूर्य बुडाला नि दगडी लखमाच्या कपाळाला उभा तडा गेला.

"एक लखमा गेलाय माझा," एल्हाई रडत म्हणाली. "हाही घालवू?"

"हो," साळुंकी म्हणाली.

तिसऱ्या दिवशी तिने बाजरी नि गूळ घेतला. जेवताना एका बाजूने हसायचा, तसा लखमा घडवला. डोळे शेवटी बसवले, दोन काळे उडीद. घटकाभर ती त्याच्याकडे बघत बसली. फार आवडला तिला. मग उठली, आणि हाकललेल्या पाखरांना तिने स्वतः साद घातली.

पाखरे आली. कान गेले, नाक गेले, ते हसणे गेले. एल्हाई ओक्साबोक्शी रडली, पण तिने एका चिमणीलाही हुसकले नाही. शेवटी दोन डोळे उरले. त्यांना कोणी चोच लावीना. ते तिने उचलले नि आपल्या हाताने साळुंकीला भरवले.

तडा मिटला. लखमाने श्वास घेतला. राजाही जागा झाला, आणि त्याने पहिली आज्ञा दिली ती स्वतःची मूर्ती उतरवण्याची. दगड होऊन राहिलेल्याला दगडाची हौस उरत नाही. चौक पुन्हा बाजाराचा नि पाखरांचा झाला.

साऱ्या पेठेच्या तोंडी बाजरीच्या मूर्तीचे कौतुक. लखमा हळहळला.

"फक्त मीच ती पाहिली नाही. कशी होती?"

"माझ्या हातून इतके सुंदर कधी झाले नव्हते."

"पुन्हा करशील?"

"कशाला?" एल्हाई म्हणाली. "तुम्ही आहात की."

एल्हाईला तिचे माणूस मिळाले. ऐकणाऱ्याला त्याचे मिळो.